शाळेमागचे वाळलेले गवत

जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा आला, की सगळ्या शाळांमध्ये एकच धांदल सुरू होते. स्नेहसंमेलन नुकतेच उरकलेले असते आणि २६ जानेवारी तोंडावर आलेली असते. मैदानावर फक्कीच्या रेघा मारायच्या, झेंड्याचा कट्टा रंगवायचा, आवार झाडून लखलखीत करायचे! आमच्या शाळेतही हेच चालते. आमची शाळा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या कमी पावसाच्या पट्ट्यात आहे. इमारतीच्या मागे कुंपणापर्यंत अर्ध्या-पाऊण एकराचा माळ आहे. पावसाळ्यात तिथे गवत गुडघ्याच्या वर वाढते आणि डिसेंबरपर्यंत वाळून पिवळे पडते.

काही वर्षांपूर्वी पाहुणे येणार म्हणून आम्ही शिक्षकांनीच ठरवले, की हे गवत जाळून टाकायचे. काडी लावली. अर्ध्या तासात सगळा माळ काळा झाला. 'किती मोकळे वाटतेय आता!' असे आम्ही एकमेकांना म्हणालोसुद्धा.

दोन दिवसांनी सहावीतली एक मुलगी विचारू लागली, "बाई, मागच्या तारेवर बसून शेपटी हलवणारा तो पक्षी कुठे गेला? दिवाळीपासून रोज दिसायचा."

आम्हाला त्या पक्ष्याचे नावही ठाऊक नव्हते. 'येईल परत,' असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. त्या हिवाळ्यात तो परत आला नाही. मुलीने आणखी दोनदा विचारले. तेव्हा कुठे आम्ही पुस्तके उघडली, पक्षी ओळखणाऱ्या मंडळींना भेटलो, आणि आपण नेमके काय जाळले याचा शोध घेऊ लागलो. त्या शोधातून जे समजले, ते या लेखात मांडत आहोत.

आपला हिवाळा कोणता?

हिवाळ्यात प्राणी-पक्ष्यांना मदत कशी करावी, हे सांगणारी पुष्कळ इंग्रजी पुस्तके आहेत. त्यांत बर्फाने झाकलेली बाग असते, झाडाला टांगलेली चरबीची आणि दाण्यांची पिशवी असते, घरट्याची पेटी असते. त्या देशांसाठी हे सल्ले योग्यच आहेत. लंडनमध्ये डिसेंबरअखेर दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो. पक्ष्याच्या शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. बाहेर गोठवणारी थंडी असताना ते तेवढेच राखायचे, म्हणजे रात्रभर शरीरातली चरबी जाळत राहायचे. एका रात्रीत लहान पक्ष्याचे वजन जवळजवळ दहा टक्क्यांनी घटू शकते. ही घट भरून काढायला त्याच्या हाती जेमतेम आठ तास असतात. त्यात जमीन बर्फाखाली गेली, तर उपासमार ठरलेलीच. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात ब्रिटनमधले असंख्य लहान पक्षी असेच मेले.

आता आपल्याकडे पाहू. पुण्याला २२ डिसेंबरचा दिवस सुमारे ११ तासांचा असतो. पहाटे पारा दहा-बारा अंशांवर, कधी त्याच्याही खाली उतरतो. पण दुपारी तो २८-३० अंशांपर्यंत चढतो. म्हणजे थंडीने गारठून मरण्याची वेळ आपल्याकडच्या पक्ष्यांवर सहसा येत नाही.

मग आपल्याकडे हिवाळ्यात काय बदलते? बदलते ते पाणी. ऑक्टोबरमध्ये मोसमी पाऊस परततो. पुढचे सात-आठ महिने आकाशातून जवळजवळ काहीच पडणार नसते. जमिनीतली ओल दिवसेंदिवस खाली सरकत जाते. आपल्याकडची साग, सालई, पांगारा यांसारखी झाडे पाने गाळतात, ती मुख्यतः पाणी वाचवण्यासाठी. पानांवाटे होणारे बाष्पीभवन थांबले, की मुळांवरचा भार हलका होतो. शिशिरातली पानगळ थंडीमुळे होते, असे आपण मुलांना सहज सांगून जातो. थंड देशांपुरते ते बरोबर आहे, पण महाराष्ट्रात या पानगळीमागे मोठे कारण कोरडेपणाचे आहे.

ही गोष्ट एकदा लक्षात आली, की मदतीचा विचारही बदलतो. आपल्याकडच्या जिवांना हिवाळ्यात हवा असतो तो पावसाळ्याने साठवून ठेवलेला शिधा, लपायला जागा आणि जिथे ओल टिकून राहील असा कोपरा. या तिन्ही गोष्टी ज्याला आपण कचरा म्हणतो त्यातच असतात.

लांबून आलेले पाहुणे

आमच्या तारेवरचा पक्षी होता गप्पीदास. आकाराने चिमणीपेक्षाही थोडा लहान. नराचे डोके काळे, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका आणि छाती नारिंगी. मादी फिकट तपकिरी. गवताच्या उंच काडीवर किंवा तारेवर बसायचे, शेपटी हलवत खाली पाहायचे, किडा दिसला की झपकन उतरून तो टिपायचा आणि पुन्हा वर यायचे, हा त्याचा दिनक्रम. दोन लहान खडे एकमेकांवर आपटावेत तसा त्याचा आवाज असतो. हिवाळा सोडला तर हे गप्पीदास हिमालयात आणि त्याच्याही उत्तरेला मध्य आशिया, सायबेरियाच्या बाजूला राहतात. तिथेच त्यांची पिल्ले होतात.

असे पाहुणे पुष्कळ आहेत. शेपटी खालीवर करत मैदानावर पळणारा धोबी, जुन्या भिंतीवर शेपूट थरथरवणारा थिरथिरा, झाडाच्या शेंड्यातून एकसारखा आवाज देणारा हिरवट वटवट्या. या वटवट्याचे वजन सात-आठ ग्रॅम भरते, म्हणजे रुपयाच्या दोन-तीन नाण्यांइतके. एवढासा जीव हिमालयातून आणि त्यापलीकडून आपल्या शाळेतल्या कडुनिंबावर येतो. माळावरून पंख उचलून धरत, जमिनीलगत संथ तरंगत जाणारा भोवत्या हा शिकारी पक्षी मध्य आशियाच्या आणि त्याही पुढच्या गवताळ प्रदेशांतून येतो. उजनीच्या जलाशयावर उतरणारे पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतात. या हंसांच्या अंगावर यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात ते सात हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवरून उडाल्याची नोंद झालेली आहे.

हे पक्षी थंडीला घाबरून येतात, असे म्हणणे अर्धेच खरे. पिसांचे पांघरूण अंगावर असताना पक्षी बरीच थंडी सोसू शकतो. पण बर्फ पडले की तिकडे कीटक नाहीसे होतात, तळी गोठतात, बी झाकले जाते. अन्न नसेल तर नुसत्या पांघरुणाचा काय उपयोग? म्हणून पक्षी अन्नाच्या शोधात दक्षिणेला येतात. सायबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतच्या त्यांच्या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. भारत या मार्गावरचा मोठा मुक्काम आहे. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांच्या रक्षणासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९८३ पासून सामील आहे.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली १९६० च्या दशकात हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली कडी घालून त्यांच्या प्रवासाचा अभ्यास केला. अशा अभ्यासांतून जगभर एक गोष्ट दिसून आली आहे. अनेक जातींतले पक्षी दर हिवाळ्यात त्याच प्रदेशात, कित्येकदा त्याच बागेत किंवा त्याच माळावर परत येतात. म्हणजे आमच्या माळावर आलेला गप्पीदास वाट चुकून आलेला नव्हता. तो कदाचित आमच्यापैकी काही शिक्षकांपेक्षाही अधिक वर्षे त्या जागेवर येत असेल!

हजारो किलोमीटर उडून यायचे आणि उतरायची जागाच काळी झालेली पाहायची. आम्ही काय केले होते, ते आता आमच्या ध्यानात आले.

गवतात असते तरी काय?

वाळलेले गवत म्हणजे मेलेले गवत नव्हे. पवना, मारवेल, कुसळी ही आपल्या माळावरची बहुवर्षायू गवते. त्यांची पाने वाळतात, पण जमिनीखाली मुळे आणि जमिनीलगतचे डोळे जिवंत असतात. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर तेच डोळे फुटतात. दरम्यान वरचे वाळलेले पाते जमिनीवर सावली धरते आणि ओल उडू देत नाही.

काड्यांच्या टोकाला आणि बुडाशी गळून पडलेले बी असते. मुनिया, चंडोल, तित्तर आणि लांबून येणारे भारीट यांचा हा हिवाळ्यातला शिधा. काड्यांवर नीट पाहिले तर वाळलेल्या फेसासारखी एखादी करडी गाठ चिकटलेली दिसते. ती खंडोबाच्या किड्याची, म्हणजे प्रार्थनाकीटकाची अंड्यांची पेटी असते. अशा एका पेटीत अनेक अंडी ओळीने बसवलेली असतात. कित्येक नाकतोडे पावसाळा संपताना जमिनीत अंडी घालतात. ती पुढच्या पावसापर्यंत तशीच निपचित राहतात. काही कीटक कोष करून पडून राहतात, तर काही पानांखाली दबून बसतात. प्रतिकूल काळात वाढ थांबवून, शरीराचा खर्च अगदी कमी करून जगण्याच्या या पद्धतीला सुप्तावस्था म्हणतात.

झाडांखालच्या पाचोळ्याचेही तसेच. संध्याकाळी दिव्याभोवती घुटमळणारे एक तपकिरी फुलपाखरू आपण सर्वांनी पाहिलेले असते. त्याचे शास्त्रीय नाव मेलॅनायटिस लेडा. पावसाळ्यात जन्मलेल्या फुलपाखराच्या पंखांच्या खालच्या बाजूवर ठळक डोळ्यांसारखी वर्तुळे असतात. कोरड्या ऋतूत जन्मलेल्या त्याच जातीच्या फुलपाखरावर ती वर्तुळे जवळजवळ नसतात आणि पंख हुबेहूब वाळलेल्या पानासारखे दिसतात. पाचोळ्यात बसले की ते सापडत नाही. हजारो पिढ्यांच्या निवडीतून त्याला हा वेश मिळाला आहे. पण पाचोळाच झाडून नेला, तर उघड्या मातीवर तो वेश काय कामाचा?

दयाळ आणि सातभाई पाचोळा उलटून किडे शोधतात. बेडूक, गोगलगाई त्याखाली ओल धरून राहतात. गवतावर नाकतोडे, नाकतोड्यांवर भोवत्या. बियांवर उंदीर, उंदरांवर घुबड. अशी ही साखळी चालू राहते. आपल्याकडच्या मोठ्या माळरानांवर याच साखळीच्या टोकाला लांडगा आहे. त्याची पिल्ले साधारणपणे हिवाळ्यातच जन्मतात. शासकीय नोंदींत मात्र असे माळ बहुधा 'पडीक जमीन' म्हणून लावलेले असतात. ज्या जागेत एवढे जीव राहतात, तिला पडीक कसे म्हणावे, हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांना भूगोलाच्या तासाला जरूर विचारावा.

आग लावली की काय होते?

गवत जाळल्याने पुढच्या वर्षी ते जोमाने येते, असे गावात सगळेच सांगतात. राखेतून पोटॅश, कॅल्शियम यांसारखी खनिजे मिळतात आणि नवे कोंब लवकर हिरवे दिसतात, हे खरे आहे. पण गवतातल्या नायट्रोजनचा मोठा भाग धुराबरोबर हवेत जातो. काड्यांवरची अंडी, पानांमागचे कोष आणि वरच्या थरातले बी जळते. उघडी पडलेली माती उन्हाळ्यात तापते आणि पहिल्याच वळिवात वाहून जाते. दरवर्षी हेच होत राहिले, तर चांगली चाऱ्याची गवते मागे पडून निकृष्ट गवते आणि तण पसरतात.

पाचोळा आणि कचरा जाळण्याने होणारा धूर तर वेगळाच. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर न जाता खालीच कोंडतो. सकाळच्या शाळेतली मुले तोच धूर श्वासाबरोबर घेतात. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आहे आणि दंडही ठरवला आहे. आम्ही जेव्हा काडी लावली, तेव्हा हे कोणाच्या डोक्यातही आले नव्हते.

शाळेला काय करता येईल?

यासाठी निधी लागत नाही, अर्ज लागत नाही. बरेचसे काम तर 'न करण्याचे' आहे.

१. गवताचा एक पट्टा राखावा. वर्गांच्या भिंतींपासून आणि ये-जा करण्याच्या वाटांपासून दहा मीटरपर्यंतचे गवत जरूर कापावे. सापांची भीती खरी आहे आणि मुलांची सुरक्षितता आधी. पण कुंपणालगतचा मागचा भाग तसाच ठेवता येतो. त्याच्याभोवती तीन-चार मीटर रुंदीचा जाळपट्टा मोकळा ठेवावा, म्हणजे बाहेरची आग आत येणार नाही. त्या पट्ट्यात मुलांनी हात घालू नये किंवा शिरू नये, हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा.

२. जाळण्याऐवजी कापावे. गुरांसाठी गवत हवे असेल, तर बी झडल्यावर कापून न्यावे आणि एकदम सगळे न कापता एक तृतीयांश तरी मागे ठेवावे. पुढच्या वर्षी दुसरा भाग ठेवावा. मात्र गाजरगवत आणि घाणेरी राखायची गरज नाही. गाजरगवत फुलण्याआधीच, हातमोजे घालून, मोठ्या माणसांनी उपटावे.

३. पाचोळा झाडाखालीच ढकलावा. मैदान झाडायला हरकत नाही. झाडलेली पाने पेटवण्याऐवजी झाडांच्या आळ्यांत टाकावीत. उरलेल्या पानांसाठी एक खड्डा करावा. पावसाळ्यानंतर त्याचे खत शाळेच्या बागेला मिळते.

४. पाणी ठेवावे. जानेवारीपासून डबकी आटू लागतात. मातीचे पसरट परळ सावलीत, मांजर दबा धरून बसू शकणार नाही अशा जागी ठेवावे. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको आणि मध्ये एक दगड असावा, म्हणजे लहान पक्षी आणि मधमाश्या बुडत नाहीत. एक दिवसाआड परळ घासून पाणी बदलावे. डासांच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडाभर लागतो, म्हणून पाणी बदलले की डासही होत नाहीत.

५. खाऊ घालताना विचार करावा. ठाण्या-मुंबईच्या खाडीवर हिवाळ्यात कुरव पक्षी येतात आणि लोक त्यांना शेव-गाठ्या टाकतात. तेल, मीठ आणि मैदा हे त्यांचे अन्न नाही. पोट भरते, पण पोषण होत नाही. एकाच जागी ढीगभर धान्य टाकले, तर कबुतरांची गर्दी वाढते, विष्ठा साचते आणि रोग पसरतात. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून झालेला वाद आपण वर्तमानपत्रांत वाचलाच आहे. परसात मूठभर बाजरी किंवा ज्वारी अधूनमधून टाकली तर बिघडत नाही. पण गप्पीदास, धोबी, वटवट्या हे पाहुणे किडे खाणारे आहेत, त्यांना आपल्या दाण्यांचा उपयोग नाही. त्यांना किडे राहतील असे आवारच लागते.

६. मांजा गोळा करावा. संक्रांतीचे पतंग संपतात, पण झाडांत आणि तारांवर अडकलेला मांजा महिनोन्‌महिने लोंबत राहतो. नायलॉनचा मांजा कुजत नाही. घारी, घुबडे, बगळे, वटवाघळे त्यात अडकून पंख कापून घेतात. नायलॉनच्या मांजावर हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो. साध्या सुती दोऱ्याने पतंग उडवावेत आणि तेही पक्ष्यांची ये-जा जोरात असते त्या सकाळ-संध्याकाळच्या वेळा टाळून. संक्रांतीनंतरच्या शनिवारी आवारातला, हाताला येईल तेवढा मांजा गोळा करून त्याचे लहान तुकडे करावेत. विजेच्या तारांवरचा मांजा मात्र कोणीही काढू नये. ते वीज कंपनीच्या माणसांचे काम.

जखमी पक्षी सापडला तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नये. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवावा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मुलांनी स्वतः पाहावे

वर सांगितले ते सगळे खरे कशावरून? मुलांनी हा प्रश्न विचारला पाहिजे आणि उत्तरही त्यांनीच शोधले पाहिजे. आमच्या शाळेत आम्ही तीन सोपे उपक्रम घेतो.

पहिला, दोन झाडांचा. एकाच जातीची, शेजारशेजारची दोन झाडे निवडा. एकाखालचा पाचोळा रोज झाडा, दुसऱ्याखालचा तसाच ठेवा. महिन्याने दोन्हीखालची प्रत्येकी १०० ग्रॅम माती सारख्याच खोलीवरून घ्या. ती कागदावर पसरून दोन दिवस उन्हात वाळवा आणि पुन्हा वजन करा. जेवढे वजन घटले तेवढे पाणी. दोन झाडांतला फरक मुलांना आकड्यांत दिसतो. दोन्ही जागच्या वरच्या थरातली मूठभर माती-पाने चाळणीत घेऊन पांढऱ्या कागदावर हलवली, तर किती जीव कोठे आहेत हेही मोजता येते. मोजून झाले की त्यांना जिथल्या तिथे सोडून द्यावे.

दुसरा, चौरस मीटरचा. राखलेल्या पट्ट्याच्या कडेला चार खुंट्या आणि सुतळी यांनी एक चौरस मीटर जागा आखून घ्या. बाहेर उभे राहूनच ऑक्टोबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीत तिची नोंद करा. किती प्रकारची गवते? बी आहे की झडले? दवात भिजलेली कोळ्यांची जाळी किती? अंड्यांची पेटी दिसते का? एकाच तुकड्याच्या तीन नोंदी शेजारी ठेवल्या, की ऋतू पुढे सरकताना दिसतो.

तिसरा, पंधरा मिनिटांचा. आठवड्यातून एका ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, एकाच जागी तिघाचौघांनी पंधरा मिनिटे शांत बसायचे आणि दिसलेल्या पक्ष्यांची नावे व संख्या लिहायची. नाव येत नसेल तर आकार, रंग आणि सवय लिहायची. 'शेपटी हलवणारा' ही नोंदही चांगली नोंद आहे. आमची सुरुवात त्याच नोंदीपासून झाली. अशा नोंदी कोठे उपयोगी पडतात? दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना होते. ती १९८७ पासून चालू आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते. भारत तिच्यात २०१३ पासून भाग घेतो आणि शाळा-महाविद्यालयांनाही आपापल्या आवारातली गणना त्यात पाठवता येते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिवस. पाहुणे नुकतेच उतरलेले असतात, त्यामुळे वहीचे पहिले पान या आठवड्यात लिहायला घ्यावे.

आमच्या वहीत

जाळल्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या माळावर गवत पुन्हा आले. तेव्हा आम्ही मागचा पट्टा राखायचे ठरवले. सगळ्यांना ते पटले होते असे नाही. काही पालकांनी 'शाळेत रान माजलेय' म्हणून तक्रार केली. आमचे शिपाईमामाही नाराज होते. मग मुलांनीच पुठ्ठ्यावर पाटी लिहून कुंपणाला लावली : 'हे गवत राखलेले आहे. येथे पाहुणे उतरतात.' पालकसभेत मुलींनी दोन झाडांखालच्या मातीची वजने वाचून दाखवली. तक्रारी पूर्ण थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या. मामा आता जाळपट्टा स्वतःहून साफ ठेवतात.

त्या ऑक्टोबरात तारेवर गप्पीदास दिसला नाही. नोव्हेंबरही कोरडाच गेला. त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात, तारेवर एक नर बसलेला दिसला. तो पूर्वीचाच होता का? त्याच्या पायात कडे नव्हते, त्यामुळे ते सांगता येणार नाही, आणि मुलांनाही आम्ही तसेच सांगितले. प्रश्न विचारणारी मुलगी तोवर आठवीत गेली होती. तिने वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि पुढे लिहिले, 'गप्पीदास, नर, १'.

यंदा २६ जानेवारीची सफाई ठरवण्यासाठी शिक्षकांची बैठक होईल, तेव्हा एवढी एकच गोष्ट विषयपत्रिकेवर घ्यावी, अशी आमची विनंती आहे : आपल्या आवारातला कोणता कोपरा या वर्षी झाडायचा नाही?